प्राया ते ताराफाल, एकच कॅसेट

माझ्या गाडीत एकच कॅसेट आहे. बसायचं तर बसा.
सुकुपिराच्या बाजारातून गाडी भरल्याशिवाय हलत नाही,
आणि इसाल्तिनाने तोंड उघडल्याशिवाय
माझा दुसरा गियर पडत नाही.
दाराला लटकून आदिल्सन ओरडतो, ताराफाल, ताराफाल,
त्याची आरोळीही आता तिच्याच सुरात लागते.
त्याला माहीत नाही. मीही सांगत नाही.

आवाज कसा म्हणाल, तर
भिजवलेल्या मक्यावर मुसळ पडावं तसा,
आधी जड, मग मऊ.
गोड गळ्याच्या पुष्कळ आहेत,
लिस्बनच्या हॉटेलांत गातात, लांब झगे घालून.
ही मध्येच खोकते.
तिसऱ्या गाण्यात, समुद्राचं नाव घेता घेता.
स्टुडिओवाला म्हणाला होता म्हणे, तेवढं काढून टाकू.
ती म्हणाली, मग समुद्रही काढ.

एकदा एक पोर्तुगीज पाहुणा पुढच्या सीटवर बसला.
म्हणाला, यातलं आमचं किती, तुमचं किती?
गिटार तर आमचीच ना?
मी आरशात पाहिलं. आरशात माझे डोळे,
हिरवे.
हे डोळे घरात कुठून आले ते आमच्याकडे कुणी बोलत नाही.
आजीची आजी मालकाच्या चरकावर ऊस घालायची,
एवढंच सांगतात,
आणि लगेच जेवायला वाढतात.
मी म्हटलं, साहेब, गिटार तुमची.
बोटं कुणाची ते ऐका.

न्हा फेलिस्मिना दर बुधवारी असोमादाला चढते,
कोंबड्या, रताळी आणि मांडीवर एक काळं-पांढरं कापड.
तिनेच सांगितलं मला, भाड्याचे सुटे मोजता मोजता:
हे कापड गुलाम विणायचे,
हातभरही रुंद नसलेल्या पट्ट्या, मग एकीला एक शिवून.
आणि हेच कापड गलबतात घालून पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचे,
त्याच्या बदल्यात माणसं आणायचे.
म्हणजे बघ, आपल्याच हातांनी विणलेलं
आपल्याच भावाची किंमत झालं.
पुढे पाद्री म्हणाला, ढोल वाजवायचा नाही.
मग बायकांनी तेच कापड घट्ट गुंडाळलं,
मांड्यांमध्ये धरलं,
आणि तळहातांनी बडवलं.
कापडाला कोण बंदी घालणार?
वीस कमी आहेत, पुढच्या बुधवारी देते, असं म्हणून ती उतरली.

इसाल्तिना त्याच बायकांच्या रिंगणात वाढली.
गिटार तिच्याकडे फार उशिरा आली,
पाहुणी आली, ती राहिलीच.

गेल्या पावसाळ्यात (पावसाळा म्हणायचं आपलं,
चार सरी आणि वर्षभराची चर्चा)
सेरा मालागेताच्या वळणावर धुकं उतरलं,
आणि टेप तुटली.
तिसऱ्या गाण्यातच, समुद्राच्या जरा अलीकडे.
कधी नव्हे ते इंजिन ऐकू आलं.
कुणाची तरी कोंबडी.
मग मागच्या बाकावरून एक थाप.
न्हा फेलिस्मिनाने कापड गुंडाळलं होतं.
शेजारणीने पिठाची पिशवी घेतली,
तिसरीने पोराचं दप्तर.
ताल असा बसला की
वळणं मी घेत होतो की ती घेत होती, सांगता येणार नाही.
शब्द कुणी उचलले नाहीत.
ताराफालचा समुद्र दिसला तेव्हा
सगळ्या एकदम थांबल्या, आपापलं सामान सावरलं,
आणि नेहमीसारखी भाड्यावरून भांडणं.

आदिल्सनने टेप चिकटपट्टीने जोडली.
बोटभर चुरगळली होती, ती कापून टाकावी लागली.
आता तिसरं गाणं स्वच्छ वाजतं,
खोकलाच गेला नेमका.
लोकांना कळतही नसेल.
पण ती जागा आली
की मी काच थोडी खाली करतो
आणि खोकतो.